तारेला ओवलेली कार्डं

ह्यांच्या माघारी उरलेले सगळे फोटो मुलाच्या हार्ड डिस्कमध्ये होते. आज कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराने ती टेबलावर टाकली. "गेली. काही निघणार नाही." माझं डोकंच फिरलं, आणि श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्याचं मळीच्या वासाचं ऑफिस आठवलं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पुण्याच्या कॉम्प्युटरसाठी आठवडाभर खपून मी हिशेबाची भोकं पाडलेली कार्डं हेडक्लार्क नानांनी, उसाच्या पावत्या ओवतात तशी, तारेला ओवून ठेवली होती.

"नाना, मशीन भोकंच वाचतं! सगळी वाया घालवलीत!"

"भोकं तुमीच पाडलीत की, बाई. माझं एकच हाय," नाना माझ्यावरच गुरगुरले.

पुढे मी त्यांच्याशी कधी धड बोलले नाही. पण तेव्हा ते भोक मला दिसत होतं आणि पाडणारा समोर उभा होता. आज ही काळी डबी उलटीपालटी करून पाहिली. साधा ओरखडाही नाही. भांडू कुणाशी?