शिसारीकाका

भाजी आंबलेली असो, टीव्हीवर पुढारी बोलत असो की कुणी लग्नातल्या आहेराचं वर्णन करत असो, मिलिंदच्या वडिलांचा अभिप्राय ठरलेला असे. "शिसारी येते." आवाज चढत नसे, फक्त नाक जरासं वर जाई. हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातल्या आमच्या चार मराठी घरांतल्या पोरांनी त्यांचं नाव शिसारीकाका ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "नाव बरोबर आहे. पण तोंडावर म्हणा. पाठीमागे घेतलेल्या नावाची मला शिसारी येते."

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात स्थापत्य शिकवून ते निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलाकडे हॅमिल्टनला सहा-सहा महिने राहायला येत. मी जवळच्याच 'ते रापा' भागातल्या दूध-कारखान्यात देखभालीचं काम बघायचो आणि मिलिंदच्या शेजारच्याच घरात राहायचो. संध्याकाळी काका आणि मी फिरायला निघायचो. ते दिवस सुबत्तेचे होते. घरांच्या किमती चढत होत्या आणि आमच्यातला जो तो दुसरं घर विकत घेऊन भाड्याने द्यायच्या गोष्टी करत होता. काका रस्त्यावरची नवी घरं बघत. तेच दुहेरी गॅरेज, तीच कातरलेली हिरवळ. "हे मी पाहिलेलं आहे," एवढंच म्हणत आणि चालू लागत.

कुठे पाहिलं, ते एका रविवारी कळलं. मिलिंदकडे बार्बेक्यू होता. काका तरुणपणी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत होते, पन्नासच्या दशकात, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी म्हणालं, "काका, तो तर अमेरिकेचा सुवर्णकाळ. सांगा ना काहीतरी."

काकांनी ताटली खाली ठेवली. "सुवर्ण होतंच. मोटारींना माशासारखे पर होते. घरटी फ्रिज, घरटी टीव्ही. शहराबाहेर नवी वसाहत झाली होती, तिथे एका बाईंकडे मी खोली घेऊन राहायचो. फार मायाळू बाई. सगळ्या शेजारणींना सांगायच्या, आमच्याकडे हिंदुस्थानचा राजपुत्र राहतो. शेजारणी माझ्यासाठी ॲपल-पाय, ती त्यांची सफरचंदाची गोड पेस्ट्री, करून आणायच्या."

लोक हसले. काका हसले नाहीत.

"आमच्या एका प्राध्यापकांवर कम्युनिस्ट असल्याचा नुसता संशय आला. दुसऱ्या दिवसापासून जेवताना त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. वर्ष संपायच्या आत त्यांची नोकरी गेली. मग त्या वसाहतीत एका काळ्या शिक्षकाने घर घेतलं. नवरा, बायको, दोन मुलं. घरासमोर गर्दी जमली. खिडक्यांवर दगड पडले. मी बघायला गेलो, तर गर्दीत मला पाय आणून देणाऱ्या त्याच बायका. कडेवर मूल आणि तोंडात शिव्या. माझ्या घरमालकीणबाईही होत्या. मी विचारलं, त्यांनी तुमचं काय बिघडवलंय? त्या म्हणाल्या, ते लोक चांगलेच असतील, पण आमच्या घरांच्या किमती पडतील." काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मी काही शूर नव्हतो. त्या आठवड्यात खोली सोडली, एवढंच. त्या पायची चव मात्र अजून जात नाही."

मग कुणीतरी सॉसेज परतायला उठलं आणि गप्पा पुन्हा व्याजदरावर आल्या.

पुढच्या वर्षी मिलिंदने ऑकलंडला, माउंट रॉस्किलमध्ये, जुनं लाकडी घर घेतलं. भाडेकरूंना घर दाखवायच्या शनिवारी तो काकांना आणि मला सोबत घेऊन गेला. सगळ्यात आधी एक टोंगन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरचं, कुटुंब आलं. नवरा बस चालवायचा, बायको वृद्धाश्रमात नर्स होती. मुलांनी दाराशी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून ओळीत लावल्या. त्या बाई काकांना पहिल्या वाक्यापासून 'पापा' म्हणू लागल्या. काकांनी त्यांना मागचं लिंबाचं झाड दाखवलं, उन्हाळ्यात पाणी किती घालायचं तेही सांगितलं. जाताना बाईंनी आपला फोन नंबर काकांच्याच हातात दिला.

परतताना मिलिंद गाडीतूनच एजंटशी फोनवर बोलला. "नाइस पीपल, पण त्यांना सांग घर गेलं."

"गेलं? कुणाला?" काकांनी मागच्या सीटवरून विचारलं.

"अजून कुणाला नाही, बाबा. पण आयलंडर लोकांना दिलं की पाहुणे येऊन राहतात. उद्या घर विकायचं झालं तर किंमत पडते. सगळे हेच करतात."

मी म्हणालो, "अरे, माणसं चांगली वाटली."

"चांगलीच असतील," मिलिंद म्हणाला.

काकांनी खिडकीची काच खाली केली. ऑकलंडबाहेरच्या बॉम्बे हिल्सच्या चढावर गार वारा आत येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले आणि फोन मागितला. माझ्यासमोरच त्या बाईंना त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "घर गेलेलं नाही. माझा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला. त्याला मी वाढवलंय, तेव्हा माफी मी मागतो." पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "इट्स ओके, पापा. हॅपन्स हीप्स." म्हणजे, हे नेहमीचंच. काकांनी फोन ठेवला. "त्यांना सवय आहे रे," ते म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी मिलिंदला हे स्वतःच सांगितलं. मिलिंद भडकला. "मला परक्यांसमोर खोटं पाडलंत? तुम्हाला सगळ्या जगाची शिसारी येते. आता माझीही येते का?"

"हो," काका म्हणाले.

मुक्कामाचे दोन महिने शिल्लक असताना त्यांनी परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं करून घेतलं. विमानतळावर मिलिंद पाया पडला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले फक्त नातवाशी. ते पुन्हा आले नाहीत. माउंट रॉस्किलच्या घरात मुंबईचं एक जोडपं राहायला आलं.

पुढे काका पुण्यातच वारले. मिलिंद गेला, पण अंत्यदर्शनाला वेळेत पोचू शकला नाही. परत आल्यावर त्याच्याकडे सगळे भेटायला जमले. काका कसे विनोदी होते, अमेरिकेच्या गोष्टी कशा रंगवून सांगत, असं बोलणं चाललं होतं. कुणीतरी हळू आवाजात माउंट रॉस्किलच्या घराला आता किती येतील, असंही विचारलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मिलिंद मागोमाग आला.

"त्या दिवशी तुझ्या फोनवरून बाबा त्या बाईंना माझ्याबद्दल काय म्हणाले?" त्याने विचारलं. "मी त्यांना कधी विचारलं नाही."

मी शब्दन् शब्द सांगितला.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. बाहेर कुणीतरी चहा मागत होतं.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तो म्हणाला.