देवळात राहिलेली फाईल

विसराळू तर मी आहेच, पण त्या सकाळी हद्द केली. कसब्यातल्या आमच्या गणपतीच्या पायाशी मेहुण्याची फाईल ठेवली, डोळे मिटून हात जोडले आणि प्रसादाचा नारळ तेवढा छातीशी धरून घरी आलो. बायकोनं दारातच विचारलं, "फाईल कुठंय?" मी नारळ दाखवला.

मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, अग्निशमन दलात जवान होता. गोदामाची आग विझवताना गेला. पण त्याची पाळी आठला संपलेली आणि तो गेला नऊच्या सुमारास. म्हणून हा मृत्यू कर्तव्यावरचा नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. तसं ठरलं असतं, तर त्याच्या बायकोला, सुमनला, ना निवृत्तिवेतन मिळणार होतं ना त्याच्या जागी नोकरी. शेवटची सुनावणी त्याच दुपारी होती. आठ महिने दाखले गोळा करता करता माझी श्रद्धाही पातळ झाली होती. फाईल देवापुढे ठेवली ती निव्वळ सवयीनं.

धापा टाकत देवळात परतलो, तर पायरीवर एक वृद्ध गृहस्थ फाईल मांडीवर घेऊन वाचत बसलेले.

"आपली का? जवानाचं नाव दिसलं म्हणून उघडली, माफ करा." ते स्वतः दलातून निवृत्त झालेले. हिंजवडीला मुलाकडे राहतात; घड्याळ दुरुस्तीला द्यायला आले होते, दुकान बंद म्हणून देवळात टेकले. "अहो, रेशनकार्डाच्याच चार प्रती लावल्यात. वर्दीच्या नोंदवहीची नक्कल कुठंय?"

आगीची खबर आली की दलात म्हणतात, वर्दी आली. "पाळी घड्याळावर संपत नसते," ते म्हणाले. "बदलीचा माणूस येईपर्यंत जवान सुटत नाही. चला, रिक्षा थांबवा."

केंद्रावर नोंद सापडली. वर्दी आठ दहाची, गाडीवर मेहुण्याचं नाव, पुढे शेरा: बदली जवान आलेला नाही. दुपारी सुनावणीत साहेबांनी ती नक्कल दोनदा वाचली, खुर्चीतून उठले आणि सुमनला हात जोडले. आज ती त्याच दलाच्या नियंत्रण कक्षात बसते. शहरातली वर्दी आता तिच्या अक्षरात उतरते.

मी आठ महिने ती फाईल घट्ट धरून होतो. हातून सुटली, तेव्हाच ती योग्य हाती पडली. हे मी घरी जरा गहिवरून सांगितलं.

पोळी लाटता लाटता बायको म्हणाली, "बाप्पा ज्याला जे जमतं तेच काम देतो. तुम्हाला विसरायचं दिलं."