दप्तरी दाखल

सरकारी नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. टेबलावर अर्ज साचतात, तसेच तेही साचतात. मी यवतमाळ जिल्ह्यात पाणी विभागात कारकून होतो आणि माझे सगळे किस्से एकाच शेऱ्यावर संपतात: 'दप्तरी दाखल'. म्हणजे अर्ज बंद.

पहिल्याच आठवड्यात आमचे हेडक्लार्क भोयरबाबू यांना मी अर्थ विचारला.

"फारसी शब्द हाय. दफ्तर म्हंजे कागदाचं गाठोडं. दाखल म्हंजे आत गेला."

"मंग बाहेर कवा येते जी?"

"उंदरानं गाठोडं कुरतडलं, की येते."

*

वरून तपासणी येणार म्हटलं, की बाबू जुने अर्ज एका बैठकीत संपवायचे. कारण ठरलेलं, 'अर्जदार गैरहजर'. एकदा हापशी मागायला आलेला घाटंजीकडचा एक म्हातारा सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होता. मी म्हणालो, "बाबू, अर्जदार तर बाहेर बसून राह्यला."

"बाहेर हाय ना? मंग आत गैरहजरच झाला."

ऑफिसभर हशा पिकला. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

*

बंद अर्ज लाल फडक्यात बांधायचं काम शिपाई रहीमभाईंचं. गाठ अशी, की दातानंही सुटू नये. "एवढी घट्ट कायले बांधता?" मी विचारलं.

"ढिली बांधली, तर एखादा साहेब वाचून पाहीन."

*

आता माझा स्वतःचा. मुकुटबनकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, हापशी नव्हती. तिथल्या लक्ष्मीबाईनं अर्ज केला आणि भर मे महिन्यात पाहणीला मी गेलो. तहानेनं जीव कासावीस झालेला. तिनं गार पाणी दिलं, मी दोन तांबे प्यालो. नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा उपसून ती ते डोक्यावर आणते, हे मी विचारलंच नाही. ऑफिसात येऊन लिहिलं, 'पाहणीवेळी पाणी उपलब्ध होते.' बाबूंनी शेरा मारला, तसं पत्र तिला गेलं.

पुढच्या मेमध्ये तिचा नवा अर्ज आला. पुन्हा मीच गेलो. घशाला कोरड पडली होती, समोर भरलेला हंडा होता. मी पाणी मागितलं.

लक्ष्मीबाईनं हंड्यावर झाकण ठेवलं.

"राग नोका मानू, साहेब. मांगच्या बारीले तुमाले पाणी पाजलं, अन् आमची हापशी गेली. आता पह्यले लिवा, पाणी नाही. मंग प्या."