उजवीकडे वळताना वाजणारी गाडी

उदगीरहून निघाले तेव्हा गाडी सरळ रस्त्यावर मुकाट धावत होती. उजवीकडे वळली की मात्र खालून टक्‌ टक्‌ टक्‌, कढईत फुटाणे फुटावेत तसं. आठवडाभर हे चाललं होतं आणि आठवडाभर मी टपावरच्या प्रचाराच्या भोंग्याचा आवाज वाढवून ते दाबत होते.

आज थांबायला वेळ नव्हता. कमठाण्याला लेकीकडे आलेल्या शांताअक्कांना (अक्का म्हणजे थोरली बहीण; सगळे त्यांना मानाने तसंच म्हणतात) घेऊन हुमनाबादपलीकडच्या त्यांच्या गावी ग्रामसभेला पोचायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्याची नवी टाकी तिथल्या आमच्या लोकांच्या बौद्ध वस्तीत बसणार की वरच्या आळीत, हे दुपारी ठरणार होतं. 'वस्तीत जागाच नाही' म्हणून हा विषय आधी एकदा मिटवलेला. जागा आहे, अक्कांच्या घरामागे. पण त्यांनी स्वतः सभेत उभं राहून 'देते' म्हटल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं. गुडघ्यामुळे त्यांना बसची पायरी चढवत नाही, म्हणून ही गाडी.

बीदर ओलांडलं की तांबडी माती सुरू होते, इतकी तांबडी की चाकांना कुंकू लागल्यासारखं दिसतं. कमठाण्यात अक्का दारातच उभ्या होत्या. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर त्यांनी विचारलं, "ही कामून कडकड करायली गं?"

"वळताना करते, अक्का. सरळ करत नाही."

"आमचे मेंबर बी तसेच हाईत. सरळ बोलताना गप. वस्तीकडं वळा म्हटलं की कडकड."

रस्त्यावरच्या पहिल्या गॅरेजात एका माणसाने गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "घरात गडीमाणूस न्हाई का कुणी?" मग चारही चाकांचे नट आवळले आणि म्हणाला, "झालं." पुढच्याच उजव्या वळणावर टक्‌ टक्‌ टक्‌. बाई गाडी घेऊन आली की तिचा कान खोटा, हे या धंद्याने ठरवूनच टाकलंय.

हुमनाबादच्या अलीकडे एका ढाब्यात शिरले. आवारात लॉऱ्या कमी होत्या. म्हटलं, आता मीच बघते. अक्कांना आवाराच्या मधोमध खाटेवर बसवलं, काचा उतरवल्या, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळूहळू एक फेरी मारली. काही नाही. मग पूर्ण उजवीकडे. लगेच सुरू.

"डाव्या अंगाचं म्होरचं चाक," अक्का खाटेवरून म्हणाल्या. "तुझ्या बाजूचं न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो. मी वाकून चाकामागे हात घातला. आसाच्या टोकाला रबराची घडीघडीची टोपी असते, ती फाटली होती. बोटांना वंगण लागलं आणि वंगणात वाळू करकरली.

ढाबेवाल्याने तोवर भाकरी आणि पुंडी पल्या (अंबाडीची भाजी) पुढे केली होती. अक्कांनी सगळी संपवली. मी उभ्यानेच दोन घास घेतले आणि गाडी हळूहळू जवळच्याच महबूबभाईंच्या गॅरेजात नेली. ते लॉऱ्यांचं काम करतात. लहान गाडी बघून म्हणाले, "ये अपना काम नै, ताई."

"चाकाचा सांधा गेलाय. डावा, बाहेरचा. टोपी फाटून वाळू गेलीय. फक्त जॅक द्या आणि बघा मी खोटं बोलतेय का."

त्यांनी गाडी उचलली, चाक काढलं, सांधा हातात घेऊन हलवला. खडखडला. मग दुसरी बाजू पाहिली आणि भुवया चढल्या. "उजवा तर नव्यासारखा. डावाच कामून झिजला? काय करता ह्या गाडीचं?"

"प्रचार."

"प्रचारानं एकच सांधा झिजतो व्हय?"

मग मला कळलं. कालच निर्णा गावात हेच केलं होतं. वस्तीत शिरलं की पंचशील ध्वजाभोवती भोंगा चालू ठेवून गाडी गोल गोल फिरवायची, ध्वज नेहमी उजव्या हाताला. स्टिअरिंग पूर्ण वळवून, भाषण संपेपर्यंत, प्रत्येक गावात. मी सांगितलं तसे महबूबभाई पोट धरून हसले.

"मग डावीकडून फिरवा की कधीमधी."

"ध्वजाला डावा हात द्यायचा न्हाई," अक्का ठणकावून म्हणाल्या. "गाडी थांबवा आन्‌ पायी फिरा. पायाला सांधे हाईत, दुखले तर दुखले."

नवा सांधा कलबुर्गीहून उद्या आला असता. पण मागच्या आवारात ह्याच बनावटीची, मागून ठोकलेली एक गाडी पडून होती. तिचा डावा आस काढून बसवला, नवी टोपी घातली, वंगण भरलं. मी टॉर्च धरला आणि घड्याळाकडे बघायचं टाळलं. गाडी खाली उतरताच आवारातच स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून फेरी मारली. आवाज नाही.

पोचलो तेव्हा सभा उठायच्या बेतात होती. वरच्या आळीचं नाव जवळजवळ लिहिलं गेलं होतं. अक्का माझा हात धरून पुढे गेल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "जागा नंदद. बरकोळ्री." (जागा माझी आहे. लिहून घ्या.)

"जागा टाकीखाली गेल्यावर म्हशी कुठं बांधणार, अक्का?" मागून एक टोमणा आला.

"तुझ्या दारात. पाणी प्यायला तू बी माझ्या दारात ये."

सभा हसली, आणि हसली म्हणून विरोध बसला. ठराव वस्तीच्या नावाने लिहिला गेला. वाचून दाखवेपर्यंत अक्का गुडघा चोळत उभ्याच राहिल्या. बसायला कुणी खुर्ची दिली नाही, हेही लिहून ठेवते.

परतताना तुरीच्या रानांवर उन्हं तिरपी झाली होती. कमठाण्याला लेकीच्या दारात उतरताना अक्का म्हणाल्या, "पोरासाठी ठेवली होती ती जागा. त्याला अजून सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, "मी येऊ सांगायला?"

"तू न्हाई. तू पाणी आण."

ठरावाच्या कागदाला नळ नसतो, हे मला ठाऊक आहे. उदगीरला पोचल्यावर हात धुताना वंगण नखांत तसंच राहिलं. सोमवारी पुन्हा तिकडेच जायचंय, टाकीचा पाया कधी खणणार ते विचारायला. उत्तर मिळालं नाही तर मंगळवारी.