फेरीवाले साहेब

माझ्या धाकट्या भावाला विमानतळावर सगळे ‘फेरीवाले साहेब’ म्हणतात. गाड्यांनी कुठून आत यायचं, माणसं कुठे उतरवायची, कुठून बाहेर पडायचं, हे तो ठरवतो. त्याच्या रस्त्यावर एकदा लेन चुकलात की माफी नाही, अख्खी फेरी मारून या! जेवतानासुद्धा चमचे आणि वाट्या मांडून मला समजावायचा, “ताई, ही निघणाऱ्यांची लेन, ही येणाऱ्यांची.” मी म्हणायची, “आधी जेव, मग शहाणपणा शिकव.”

त्या दिवशी त्याची पोरगी परदेशी निघाली होती. भावजय गेल्यापासून तिला मीच वाढवलं. तिचं जायचं ठरलं तसा बापलेकीत अबोला. ह्याची मिटिंग लांबली, दुसरं काय होणार! पोरगी टॅक्सीने पुढे गेली. मी मुद्दाम मागे थांबले, नाहीतर हा आलाच नसता.

“ताई, मनापासून जा म्हणायचंय गं तिला,” गाडीत तो म्हणाला. “अजून तोंडातून निघालंच नाही.”

आणि बोलता बोलता हा शहाणा येणाऱ्यांच्या लेनमध्ये शिरला. रोज ऑफिसला तिकडूनच जातो ना, हात आपोआप वळले. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्हीकडे त्यानेच लावलेले कठडे. कठड्यापलीकडे पोरगी दिसत होती, बॅगेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी.

दोन रस्त्यांच्या मध्ये एक फट होती. लोक तिथून घुसतात म्हणून ह्यानेच बॅरिकेड लावून पहारेकरी बसवलेला. पहारेकऱ्याने ओळखलं. “साहेब, सरकवू का?”

“नको. एक गेला की मागचे सगळे घुसतात.”

“अरे मेल्या, तुझी लेक आहे ती!” मी ओरडले.

त्याने एकदा पोरीकडे पाहिलं. “सरकव,” म्हणाला.

आम्ही फटीत शिरलो आणि मागचे सगळे घुसले. बघता बघता पलीकडचा रस्ताही तुंबला. हॉर्न काय, शिव्या काय! कुणाचं विमान सुटायला आलेलं, एक बाई रडायलाच लागली. माझ्या बाजूचं दार कठड्याला टेकलं, आणि हे माझे गुडघे, पलीकडून उतरता येईना.

भाऊ उतरला. वाटलं, आता धावेल तिच्याकडे. तो उलटा वळला. आडव्या घुसलेल्या गाड्यांसमोर हात वर करून उभा राहिला आणि एकेकाला मागे घ्यायला लावू लागला. मी हाका मारमारून दमले.

“मीच अडकवलंय ना ह्यांना, ताई,” एवढंच म्हणाला. रडवेला झाला होता.

थोड्या वेळाने पोरीचा फोन आला.

“आत्या, आत आले गं. उशीर होत होता. बाबा दिसले मला! मी हात केला, त्यांनीपण केला.” ती रडत होती. “जा म्हणाले ना ते?”

समोर तिचा बाप अजून तिच्याकडे पाठ करून, एका टेम्पोपुढे हात वर करून उभा होता.

“हो गं बाळा,” मी म्हटलं. “जा म्हणाला.”