पिन कुणी वाकवली?

चिमटेकाकांचं दुकान जिन्याखाली होतं. उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागायची, म्हणून काका बसूनच असत. खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे पडला होता, त्यामुळे ते नाव पोस्टमनलासुद्धा ठाऊक नव्हतं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा, म्हणून चिमटेकाका. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, पण सगळ्या बाजारात दबदबा होता तो एकाच कामासाठी: वाकलेल्या पिना सरळ करणं.

ज्यांनी कॉम्प्युटर फक्त बाहेरून पाहिलाय त्यांना सांगतो. आतला प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. काकांकडे येणाऱ्या प्रोसेसरांना खालून हजारावर सोनेरी पिना असतात, केसाहून जराशा जाड. त्या सगळ्याच्या सगळ्या मदरबोर्डवरच्या सॉकेटच्या भोकांत एकदम उतरायला हव्यात. एक जरी वाकडी असली तर गाडं अडतं. मग शहाणा माणूस थांबतो आणि बाकीचे सगळे जोर लावतात. हे बाकीचे सगळे शेवटी प्रोसेसर रुमालात गुंडाळून काकांच्या दारात येत, आणि आल्या आल्या म्हणत, ‘‘मी काहीच केलं नाही हो!’’

या वाक्यानं काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून त्यांनी पाटीच लावली होती: ‘पिन कुणी वाकवली ते आधी सांगा. मग काम.’ पाटीखाली स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड. कबूल होईपर्यंत त्याच्यावर डुगडुगत बसायचं. भल्याभल्यांची तिथे जिरली. एक बँकेचे मॅनेजर शपथेवर सांगत होते की, प्रोसेसर कपाटात ठेवल्या ठेवल्या वाकला. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. ‘‘कोपऱ्यातल्या ओळी झोपल्यात. म्हणजे हा फरशीवर पडला. मग तुम्ही कुणी बघतंय का ते पाहिलंत आणि गुपचूप उचललात.’’

मॅनेजरांचे कान लाल झाले. ‘‘मी इकडेतिकडे पाहिलं ते कसं कळलं?’’

‘‘सगळेच पाहतात,’’ काका म्हणाले.

काकांचं शास्त्रच होतं ते. कोपरा झोपला तर पडला. एका बाजूच्या सगळ्या कलल्या तर अंगठ्यानं दाबला. आणि मधलीच एखादी एकटी वाकली असेल तर कुणीतरी अर्धवट शहाण्यानं हत्यार घालून सुधारायला घेतली. हा तिसरा प्रकार सांगताना काका नाक मुरडत. ‘‘पहिले दोन नुसते धांदरट. हा तिसरा गाढव!’’

बाजारात त्यांच्या चिठ्ठीला कोर्टाच्या निकालाएवढा मान होता. ‘डब्यातच वाकलेला आला’ असं काकांनी लिहून दिलं तरच कोपऱ्यावरचा दुकानदार माल बदलून देई. वीस वर्षांत काकांनी असं दोनदाच लिहिलं होतं. घरीही तीच तऱ्हा. कप फुटला की तुकडे गोळा करायच्या आधी बायको ओरडून सांगे, ‘‘अहो, माझ्याच हातून फुटला, तुम्ही भिंग आणू नका!’’

लेक चोवीस वर्षांची. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून, आवाज साफसूफ करून द्यायचं काम ती करायची. इतके दिवस दुसऱ्याच्या हाताखाली; आता पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक तिच्या एकटीच्या जबाबदारीवर आलं होतं. सोमवारी सकाळी द्यायचं, आणि जुन्या कॉम्प्युटरनं नेमकी मान टाकलेली. शनिवारी दुपारी ती नव्या सामानाचे डबे घेऊन दुकानात आली. ‘‘बाबा, आज मी जोडते. तुम्ही नुसतं बघा.’’

‘‘तू हात लावू नकोस,’’ काका म्हणाले. हे ते ती सात वर्षांची असल्यापासून म्हणत होते. ‘‘तू जा, घरून स्क्रीनची वायर घेऊन ये.’’

ती गेली. त्या वेळी स्टुलावर एक फोटोग्राफर डुगडुगत होता. पंख्याच्या वाऱ्यानं पिना वाकल्या, या मुद्द्यावर तो अर्धा तास ठाम होता. त्याला झुलत ठेवून काकांनी लेकीचा डबा उघडला. नवाकोरा प्रोसेसर! उचलायचा, कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, अलगद सोडायचा. इतकंच. पण सवय बाई, सवय! काकांनी भिंग लावलं. आणि बरोबर मधोमध एक पिन केसभर डावीकडे कललेली दिसली.

आता नव्या मालाला हात लावायची काही गरज? पण वीस वर्षं ज्यानं वाकडंच पाहिलंय त्याला सरळ पाहून चैन कुठली पडायला! त्यांनी शिसं काढलेली खटक्याची पेन्सिल घेतली, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवलं आणि हलकेच उजवीकडे रेटलं. पाहिलं तर पिन उजवीकडे कलली. पुन्हा डावीकडे. जरा जास्तच झालं. घाम पुसायला भिंग काढलं, तेव्हा काचेवर चिकटलेला एक बारीक धागा हाताला लागला. धागा निघाला. पिन मात्र आता खरोखरच वाकली होती.

काका हात सावरून पुन्हा पेन्सिल उचलणार, तेवढ्यात वायर घेऊन लेक दारात.

‘‘काय झालं बाबा?’’

आणि ज्या माणसानं बँकेच्या मॅनेजरला बोलतं केलं होतं, तो माणूस म्हणाला, ‘‘डब्यातच वाकलेला आला.’’

लेकीनं भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. ‘‘बरं,’’ ती म्हणाली, ‘‘मग चिठ्ठी लिहून द्या, आत्ताच्या आत्ता बदलून आणते. सोमवारचं काम आहे, डागी मालावर भरवसा नको.’’ मग वायर काउंटरवर ठेवत, ‘‘कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पॅकिंगवाल्या आजोबांचं काही खरं नाही. मालकांनी त्यांना बजावलंय, आणखी एक चूक झाली की घरी बसा.’’

ते काकांनाही ठाऊक होतं. म्हातारा रोज दारावरून जाताना हात वर करायचा, आणि त्याच्यासारखी चिकटपट्टी सबंध बाजारात कुणी लावत नव्हतं. काकांनी कागद पुढे ओढला. ‘डब्यातच’ एवढं लिहिलं आणि पेन अडलं. लेक पाटीकडेसुद्धा पाहत नव्हती, आणि त्याचीच काकांना जास्त लाज वाटली. आयुष्यभर लोकांना सोललं त्यांनी, आणि आपल्यावर आली तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य तसंच निघालं, जसं सगळ्यांच्या निघतं.

काकांनी कागद चुरगाळला. ‘‘उठा हो,’’ ते फोटोग्राफरला म्हणाले.

‘‘पण मी अजून कबूल कुठे…’’

‘‘उठा म्हणतो ना!’’

काका काउंटरखालून वाकून बाहेर आले आणि स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं. ते म्हणाले, ‘‘पिन मी वाकवली. चांगली होती. मी सुधारायला गेलो.’’

‘‘माहीत आहे,’’ लेक म्हणाली. ‘‘मधली एकटीच वाकलीय. तिसरा प्रकार.’’

तिसऱ्या प्रकाराला आपण काय म्हणतो ते काकांना आठवलं. तिनं ते उच्चारलं नाही, हे तिचे उपकार. फोटोग्राफरला एकदम मोकळं वाटलं असावं. ‘‘काका, मी पण अंगठ्यानं दाबला होता,’’ तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

लेक आत जाऊन काकांच्या जागी बसली. पेन्सिल घेतली. काकांनी तोंड उघडलं.

‘‘बाबा.’’

काकांनी तोंड मिटलं. तिचे हात थरथरतात असं त्यांनी सतरा वर्षं घरीदारी सांगितलं होतं. आज नीट पाहिलं. थरथरत नव्हते. थरथरत होतं ते स्टूल. तिनं पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवलं, श्वास रोखला, एकदाच, हळू, पिन उभी केली आणि हात मागे घेतला. दुसऱ्यांदा लावला नाही.

‘‘बघा,’’ तिनं प्रोसेसर आणि भिंग पुढे केलं. ‘‘सरळ आहे?’’

काकांनी भिंग शर्टाला पुसलं, दोनदा पुसलं, आणि पाहिलं. पिन त्यांना केसभर उजवीकडे वाटली. हात आपोआप पेन्सिलीकडे निघाला. अर्ध्यावरून त्यांनी तो परत आणला आणि गुडघ्यावर दाबून ठेवला.

‘‘सरळ आहे,’’ ते म्हणाले.

तिनं त्रिकोणाशी त्रिकोण जुळवला आणि प्रोसेसर सोडून दिला. कुणी दाबलं नाही, रेटलं नाही. तो आपल्याच वजनानं खाली बसला.