मूठभर उकडे तांदूळ

जाईकाकी सातवीपर्यंत शिकलेली. पोर्तुगाल नकाशात कुठे आहे ते तिला आजही दाखवता येणार नाही. पण तिथल्या रहिवासी कार्डाचे नियम तिला आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरींपेक्षा जास्त पाठ होते. ते तिच्याकडून पाठ करून घेतले मी. याचा मला आज भयंकर राग येतो.

मी गिरगावात एका ट्रॅव्हल कंपनीत व्हिसाचे फॉर्म भरते, बावीस वर्षं झाली. राहते लालबागला, जाईकाकीच्या शेजारच्या खोलीत. काकी कणकवलीकडची. तिचा नवरा गुणाजी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला. काकी तीस वर्षं इथल्या मसाला गल्लीत मिरच्या भाजते. उन्हाळा लागला की अख्ख्या मुंबईतून बायका मिरच्या, धणे, खोबरं घ्यायला येतात, तिथल्या तिथे भाजून कांडून वर्षाचा मसाला घेऊन जातात. भाजण्यात काकीचा हात धरणारं कोणी नाही. मिरची करपली की सगळी गल्ली खोकते. काकीच्या कढईवर कोणी खोकलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिची दुसरी करामत म्हणजे यादी वाचणं. गिऱ्हाईक मसाल्याची यादी पुढे करतं, काकी एक नजर टाकते आणि विचारते, वेंगुर्ल्याचे का तुम्ही? धणे एवढे म्हणजे घाटावरचे दिसता. एकदा तिने एका बाईला सांगितलं होतं की तुमच्या घरात कोकणातली सून आलेली दिसते, तिरफळं यादीत मागाहून लिहिलीत. ती बाई बघतच राहिली.

काकीच्या स्वतःच्या घरचा मसाला मात्र कुणाच्या यादीत सापडायचा नाही. तिच्या सासूला एका वर्षी धणे कमी पडले, म्हणून तिने मूठभर उकडे तांदूळ लालबुंद भाजून मसाल्यात ढकलले. खरं तर ती चूकच. पण घरच्यांना ती चव आवडली, आणि तेव्हापासून तांदूळ राहिलेच. काकीने ही गोष्ट मला सांगितली ती शेजारी राहून पंधरा वर्षं झाल्यावर, आणि वर कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं.

काकीला एकच मुलगा, हितेंद्र. हॉटेल मॅनेजमेंट शिकला, सहा वर्षांपूर्वी लिस्बनच्या एका हॉटेलात लागला. व्हिसा संपत आला तेव्हा त्याने रहिवासी कार्डासाठी अर्ज केला. कार्ड आलं नाही, पावती आली. काकी दर रविवारी फोन घेऊन माझ्या खोलीत यायची, कारण आमच्या खिडकीत रेंज चांगली. पावती आली त्या रविवारी हितेंद्र मला म्हणाला, "मायाताई, आईला नीट समजावून सांग ना. तुझं ऐकते ती."

मी समजावलं. पावतीवर त्याला तिथे राहता येतं, काम करता येतं. पण देशाबाहेर पडला तर परत आत घेतीलच याची खात्री नाही, कदाचित इथून विमानातही चढू देणार नाहीत. काकीने सगळं शांतपणे ऐकलं आणि दोन वाक्यांत आटपलं. "म्हणजे जावक गावता. परत येवक गावना नाय."

तेव्हापासून चाळीत कुणी 'हितेंद्र कधी येतोय' असं सहज विचारलं तरी काकी त्याला उभं करून नियम सांगायची. तळमजल्यावरच्या नानांचा पुतण्या कॅनडात. त्याचं कार्ड आलेलं नसताना तो भावाच्या लग्नाला निघाल्याचं कळलं, तर काकीने नानांना जिन्यात गाठून तासभर नियम समजावले. नाना दुधाची पिशवी हातात धरून उभे. पुतण्या आला नाही. काकीमुळेच पोराची नोकरी वाचली, असं नाना अजून सांगतात.

वर्षं जात होती. हितेंद्रने फेसबुक, इन्स्टा सगळं बंद केलं. अर्ज चालू असताना सरकार बघतं, म्हणाला. काकीचा पुतण्या अजित त्यावर हसला होता, मी त्यालाच गप्प केलं. पुढे हितेंद्र म्हणाला की मसालाही पाठवू नका, कस्टमवाले अडवतात. काकीने बांधून ठेवलेलं पाकीट सोडून मसाला आम्हा शेजाऱ्यांत वाटला. आम्ही तो चवीने खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी गौरी बसल्या त्या दिवशी गुणाजीकाका गेले. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. गणपतीचे दिवस, लालबागच्या रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नाही. शववाहिनी मागच्या गल्लीत उभी केली आणि पोरांनी काकांना खांद्यावरून तिथवर नेलं. त्याआधी माझ्या खिडकीत उभं राहून काकीने लिस्बनला फोन लावला. तो काही बोलायच्या आत हिनेच सांगून टाकलं, "बापूस गेलो रे तुझो. तू येव नको. कार्ड जायत."

पलीकडे कुठेतरी गाणी वाजत होती. हॉटेलात ड्युटीवर असेल, असं आम्ही समजलो. तो एवढंच म्हणाला, "बरं आई." अग्नी अजितने दिला. लोक म्हणाले, मुलगा आला नाही. काकीने प्रत्येकाला नियम सांगितला, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा.

यंदा एप्रिलमधल्या एका शनिवारी मी माझ्या घरचा मसाला करून घ्यायला गल्लीत गेले होते. काकीच्या कढईजवळ डब्यावर बसून माझ्या पाळीची वाट बघत होते. तेवढ्यात दादरच्या सुभद्राबाई म्हणून एक आल्या. साठीच्या आसपासच्या, कॉटनची कडक साडी, बोलायला मोकळ्या. मुलगी स्पृहा परदेशात, फेब्रुवारीत तिचं लग्न झालं, मुलीजावयाला मसाला पाठवायचाय. जावई म्हणाले होते की लालबागला कशाला जाता, दादरलाच कुठेतरी करून घ्या. "पण मसाला म्हणजे लालबाग, हो की नाही मावशी?" असं म्हणत त्यांनी मोबाइलवरची यादी काकीपुढे धरली. जावयाने स्वतः टाइप केलेली.

काकीने यादी वाचली. मग परत वाचली. यादी वाचायला तिला कधी दोनदा लागत नाही.

"हे उकडे तांदूळ कोणी सांगितले?" तिने विचारलं.

"जावयांनीच. त्यांच्या आईची पद्धत आहे म्हणे." सुभद्राबाई हसल्या. इतकी वर्षं मसाला करतेय पण तांदूळ कधी ऐकले नव्हते, असंही म्हणाल्या. लग्न घरच्या घरी रजिस्टर झालं, पंधरा दिवस दोघं दादरलाच होती. विहीणबाईंची काही भेट झाली नाही. फोनही लागत नाही, गावात रेंज नाही म्हणे. "त्यांची आई गावी असते. तिला प्रवास झेपत नाही."

दादरहून लालबागला टॅक्सीने दहा मिनिटं लागतात.

फोटो बघू का, असं काकीने विचारलं. पदराला हात पुसून मोबाइल हातात घेतला. हार घातलेला हितेंद्र आणि शेजारी ती मुलगी, गोड आहे बिचारी, तिचा काय दोष. "जोडा चांगला दिसतो," काकी म्हणाली. सुभद्राबाई उत्साहाने पुढचे फोटो दाखवू लागल्या. हा पहिल्या भेटीचा, दुबईचा, त्या सांगत होत्या. जावयांना तिकडचं कार्ड मिळालं म्हणून मित्रमंडळी फिरायला निघाली होती, त्यांत स्पृहाही होती म्हणून आम्हीही गेलो आणि तिथेच त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षं झाली. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या वर्षी घरच्या गौरी जावेकडे द्याव्या लागल्या. गौरी बसल्या त्याच संध्याकाळचा हा फोटो.

"कार्ड कधी मिळालं होतं म्हणालात?"

"त्याच्या आधीच. जूनमध्ये."

दुबईहून मुंबई तीन तासांवर. मी उठून त्या बाईला सगळं सांगणार होते. काकीने कढईवरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि घट्ट दाबला. मंगळवारी या, तयार ठेवते, असं तिने सुभद्राबाईंना सांगितलं. त्या गेल्या.

मग काकीने मिरची कढईत टाकली आणि ती करपली. तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी गल्ली खोकायला लागली, समोरच्या दुकानदाराने वळून बघितलं आणि काकीची कढई बघून परत कामाला लागला. काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या गल्लीत सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

"केसान गळो कापल्यान गो माझो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मीच सांगलंय त्याका, येव नको म्हणान."

माझाही गळा त्याने तसाच कापला होता, पण तिच्यापुढे माझं कुठे मांडू? नियम मी खरा सांगितला होता. त्याने तो माझ्या तोंडून वदवून घेतला आणि त्याच्याआड लपून बसला. कार्ड खिशात पडल्यावरही बसूनच राहिला. गुणाजीकाकांना जिन्यातून उतरवत होते तेव्हाही. मला त्या क्षणी तो समोर हवा होता. एक कानाखाली दिली असती, आणि पस्तीस वर्षांचा घोडा झालाय याचा विचार केला नसता.

करपलेली मिरची काकीने बाजूला काढली, दुकानातून दुसरी घेतली आणि नव्याने भाजायला बसली. धणे भाजले, खोबरं भाजलं, तिरफळं मोजून घातली. सगळं यादीप्रमाणे. यादीतल्या तांदळाची पुडी तेवढी न सोडता कडेला ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकी नेहमीच्या वेळी फोन घेऊन माझ्या खिडकीत आली. तिने फोन स्पीकरवर लावला. हितेंद्र नेहमीसारखाच बोलला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, इकडे अजून थंडी आहे. कार्डाचं काहीच हलत नाही, बघू, गणपतीपर्यंत होईल असं वाटतंय. काकीने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"तुझी सासू मंगळवारी मसालो नेतली," ती म्हणाली. "तांदूळ घालूक नाय मी. ते आमच्या घरच्या मसाल्यात घालतत."

लाइन कट झाली की काय म्हणून मी बघितलं तर सेकंद पुढे पळत होते. काकीने स्पीकर बंद करून फोन माझ्या हातात दिला आणि स्टुलावर जाऊन बसली.

"मायाताई," तो हळू आवाजात म्हणाला, "आईला कोणी सांगितलं?"

हे त्याचं पहिलं वाक्य. मी सांगितलं, तूच सांगितलंस, यादी लिहून. मग तो घाईघाईने बोलायला लागला. आई मिरच्या भाजते हे स्पृहाच्या घरी सांगायला सुरुवातीला जमलं नाही, मग एकातून दुसरं निघत गेलं, आज सांगू, उद्या सांगू. बाबांच्या वेळी फोन ठेवल्यावर तर तो विमानतळावर जायलाच निघाला होता. पण आईच नको म्हणाली होती. तिनेच नको म्हटल्यावर तो काय करणार होता?

बोलता बोलता तो रडायला लागला. रडू खरं होतं, पण मला त्याची दया आली नाही. शेवटी म्हणाला, तिकीट काढतो, येत्या आठवड्यातच येतो, आईला सांग ना, तुझं ऐकते ती.

मी फोनवर हात ठेवून काकीला सांगितलं, तो येतो म्हणतोय.

काकी स्टुलावर बसून नखांतली मिरची काढत होती. वर न बघता म्हणाली, "आधी अर्ज करूक सांग त्याका. पावती देतंय मी. मगे कार्ड येयपर्यंत वाट बघ, म्हण."

नियम समजावून सांगायचं काम नेहमी माझंच होतं. मी फोन कानाला लावला आणि नीट सांगितला.